बिनकढईचा नाताळ

शेंदूरजनाघाटच्या कौशल्याबाईला सासू गेल्याचं दुःख झालं नाही, असं कोणी म्हणू नये. झालं. बुढी श्रावणात गेली तेव्हा कौशल्या चांगली हंबरडा फोडून रडली, आणि त्यातलं बारा आणे रडणं खरं होतं. उरलेलं चार आणे पाहुण्यांसाठी. तेवढं तर करावंच लागतं. पण खरं पोटातून रडू तिला आलं ते पोळ्याला, आणि तेही स्वयंपाकघरात, रिकाम्या चुलीसमोर.

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही. सण नाही म्हणजे दाराला तोरण नाही, दिवाळीचा कंदील नाही आणि मुख्य म्हणजे कढई नाही. तळण तळायचंच नाही. वरण-भात खा, पोळी खा, देवाचं नाव घ्या आणि गप बसा. पोळा असाच गेला, महालक्ष्म्या गेल्या, दसरा गेला.

दुसऱ्या कोणत्या बाईला हे वर्ष आराम वाटलं असतं. कौशल्याचं तसं नव्हतं. गावात तिला नावानं कमी आणि चकलीनं जास्त ओळखत. दिवाळीत तिची ताटं अर्ध्या गल्लीत जात. ताट देऊन झालं तरी ती दारात घुटमळत राही; समोरच्या बाईनं एक चकली मोडून तोंडात टाकून 'बापा!' म्हटलं की मगच तिचे पाय निघत. हे काही तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. "मी लोकाईले खाऊ घालाले कुठी जातो," ती स्वतःच सांगे, "मी वाहवा वसूल कराले जातो."

या दिवाळीत उलटं झालं. दुःखाच्या घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फराळ नेऊन द्यायची रीत. त्या रीतीप्रमाणं सारी गल्ली डबे घेऊन तिच्या दारी. ज्या बायांना तिनं आयुष्यभर चकलीवरून खिजवलं त्याच बाया आता "खा व कौशल्या, मन हलकं होते" म्हणून समोर बसल्या. एका घरची चकली तिच्या दाताखाली वाकली. मोडली नाही, वाकली. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "मस्त झाली." सासूच्या तेराव्याला सुद्धा तिला इतकं जड गेलं नव्हतं.

शिवाय ते डबे. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. लोक मूठभर साखर टाकून देतात आणि मोकळे होतात. पण कौशल्याला साखर टाकणं म्हणजे भर गल्लीत हार कबूल करणं वाटलं. डबे फडताळात एकावर एक चढत गेले.

आणि हे सारं वर्ष नीट पाळलं जातं की नाही, यावर नजर ठेवायला अकोल्याला एक बाई बसली होती. माणिकबाई. कौशल्याची नणंद, नवऱ्याहून मोठी, बुढीची एकुलती एक लेक. तिचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"काय व कौशल्या, कढई चढवली नाही न?"

"नाही बाई."

"माह्या मायचं वर्ष हाये. नीट धरजो. मधातच मोडलं तं पह्यल्यापासून धरा लागते, सांगून ठेवतो."

हे कोणत्या पोथीत आहे ते कोणी विचारलं नाही. माणिकबाई बोलली म्हणजे पोथीच. कौशल्यानं मनात हिशेब केला: आता मोडलं, तर पुढची दिवाळीही गेली. दुसऱ्यांची वाकडी चकली अजून एक वर्ष.

डिसेंबर लागला. कौशल्याचा नवरा भगवंतराव संत्र्याच्या बगीच्यातून टोपलीभर संत्री घेऊन आला, तेव्हा ओसरीवर साधना सिस्टर कौशल्याचं बीपी पाहत बसल्या होत्या. सिस्टर सरकारी दवाखान्यातल्या नर्स, ख्रिस्ती, मूळच्या परतवाड्याच्या. गावात एकट्याच खोली घेऊन राहायच्या. दर दिवाळीत कौशल्याचं ताट त्यांच्याकडं जायचं.

"यंदा नाताळला घरी जाणं होत नाही," सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या. "चोवीसला दिवसभर ड्युटी. पंचवीसला सुट्टी आहे, पण एवढ्यासाठी जाऊन येऊन काय करता? झोपून राहीन म्हणते."

कौशल्याचे कान टवकारले. बीपी पण चढलं असावं. सिस्टरनी काट्याकडं पाहून पुन्हा हवा भरली.

नाताळ! हा तर आपला सणच नाही! आणि जो आपला सण नाही, तो आपल्याला बंद कसा असेल? कौशल्याला वाटलं, आपल्यासारखी हुशार बाई अख्ख्या वरूड तालुक्यात नसेल.

"झोपून काहून राहता व सिस्टर?" ती मायेनं म्हणाली. "एकट्या मानसानं सणाच्या दिवशी झोपून राहावं का? माह्या घरी करू तुमचा नाताळ. सारा हातानं करू."

"अहो नको, कशाला त्रास—"

"त्रास कायचा!"

सिस्टरला खरोखरच झोपायचं होतं. हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण दुसऱ्यावर उपकार करायला निघालेल्या बाईला समोरच्याचं तोंड दिसत नसतं.

रात्रीच्या जेवणात भगवंतरावनं विचारलं, "आपल्या घरी वर्ष हाये न?"

"आपला सण थोडीच हाये थो. सिस्टरचा हाये."

"मंग सिस्टरच्या खोलीवर करा न."

"त्या खोलीत मावते का नाताळ? तुमी जेवा."

दुसऱ्या दिवशी कौशल्या दवाखान्यात जाऊन सिस्टरसमोर शाळकरी पोरीसारखी बसली. नाताळात काय काय असते? सिस्टर म्हणाल्या, दारावर चांदणी लावतो. येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून गव्हाणी मांडतो. अन् फराळ.

"फराळात काय?"

"आमच्या घरी तर करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा. तुमच्यासारखंच."

कौशल्या बाकावरून उठली आणि पुन्हा बसली. करंज्या! चकल्या! सण परका आणि फराळ घरचा! ती हसली आणि हसता हसता थांबली. कारण करंजी कशात तळतात? कढईत. सण बंद नव्हता, पण कढई तर बंद होती. आनंद असा तोंडात येऊन पडला आणि गिळायच्या आत बाहेर निघाला.

"अन् केक," सिस्टर पुढं म्हणाल्या. "केक तर पाहिजेच."

"केक तळतात का?"

"नाही हो. भाजतात."

"भाजतात न!" कौशल्या म्हणाली. "मंग झालं."

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं त्याला भगवंतराव नंतर 'भट्टी' म्हणू लागला. सजावटीचं काम सोपं होतं. दरवर्षी आकाशकंदील ती हातानंच करायची. बांबूच्या कामट्या, खळ, रंगीत कागद, सारं माळ्यावर पडून होतं. तिनं सहा पाखांचा कंदील करण्याऐवजी पाच टोकांची चांदणी बांधली. भगवंतराव पाहत होता.

"कंदिलात दिवा असते न व?"

"हव."

"याच्यातही असते?"

"हव."

"मंग फरक काय?"

"तारीख," कौशल्या म्हणाली.

संत्र्याच्या पातळ चकत्या कापून तिनं गच्चीवर वाळवल्या आणि त्यांचं तोरण ओवलं. उन्हात धरलं की काचेसारखं दिसे. गव्हाणीसाठी काळी माती मळली. पोळ्याचे मातीचे बैल करण्यात तिचा हात बसलेला, त्यामुळं गोठ्यातले दोन बैल इतके झकास जमले की जिवंत वाटावेत: वशिंड, शिंगं, अंगावर झूल, गळ्यात घागरमाळ. माणसं मात्र जमेनात. मरियम जात्यावर दळायला बसल्यासारखी झाली. योसेफाची मान राहीना, म्हणून तिनं त्याला फेटा बांधून टाकला, वजन बरोबर झालं. बाळ तर इवलंसं मातीचं बोटच. बैलांपुढं कोणाचं लक्षच जाईना. "देव गोठ्यात आला तं पाहुणा थो हाये," तिनं स्वतःची समजूत घातली. "बैल घरचे हायेत, थे उठून दिसणारच."

पण केकनं तिची पार दैना केली.

पहिला केक कुकरमध्ये रेती टाकून केला. अंडं घरात येत नव्हतं, म्हणून मैद्यात दही, सोडा, पिठीसाखर, संत्र्याचा रस. आणि पाकवलेली साल, ही तिची स्वतःची अक्कल. आपल्या गावाला नाव संत्र्याचं, केकात संत्रं नाही तर काय टाकायचं? पण सालीच्या आतलं पांढरं काढायचं राहून गेलं. भगवंतरावनं एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा घ्याचं हे?"

दुसऱ्या वेळी साल खरवडली, दोनदा उकळून पाणी फेकलं, मग पाकवली. कडूपणा गेला. पण कुकरातला केक असा किती होणार? फडताळातले डबे भरायचे होते. मग तिला रोडगे आठवले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वांग्याच्या भाजीसोबत शंभर माणसांची पंगत उठते त्यावर. तिनं अंगणात गोवऱ्या पेटवल्या, निखारे झाले, झाकणाचा गंज, म्हणजे उभं पातेलं, त्यात पुरला. केक फुगला, रंग आला, सारं झालं. फक्त वास धुराचा. भगवंतरावनं तुकडा हातात घेऊन इकडंतिकडं पाहिलं.

"काय पाहून राहिले?"

"वांग्याची भाजी कुठी हाये?"

ती त्याच्याशी दिवसभर बोलली नाही. बोलायला तोंड तरी कुठं होतं? जिच्या चकलीला गाव मान देतं तिचा केक रोडग्यांच्या पंगतीत बसला होता.

चोवीस तारीख उजाडली तेव्हा मोठा केक करायला घरात एकच भांडं उरलं होतं. सासूबाईची मोठी लोखंडी कढई. माळ्यावर, श्रावणापासून पालथी. कौशल्यानं ती खाली काढली, पुसली, आणि मग बराच वेळ तिच्याशी वाद घातला. कढई गप होती, दोन्ही बाजूंनी कौशल्याच बोलत होती.

कढईत तेल पडलं तर ती कढई. रेती पडली तर घमेलं. घमेलं चुलीवर ठेवायला कोणाची मनाई आहे? कोणाचीच नाही. असा न्यायनिवाडा झाला. निकाल कौशल्याच्या बाजूनं लागला, कारण न्यायाधीशही तीच होती.

रेती तापली. आत केकाचं भांडं, वर झाकण, झाकणावर निखारे. साऱ्या घरात संत्र्याचा आणि लोण्याचा असा वास सुटला की कौशल्या स्वतःवरच खूश झाली. बाहेर भगवंतराव स्टुलावर चढून दाराला चांदणी बांधत होता. तेवढ्यात त्याचा आवाज आला.

"अवं... आक्का आली."

माणिकबाई. अकोल्याहून. फोन न करता. हातात थैली, आणि नजर वर चांदणीवर.

"हे काय व भगवंता?"

"मले नको इचारू," भगवंतराव स्टुलावरूनच म्हणाला.

कौशल्या पदर खोचूनच बाहेर आली. "या न बाई. साधना सिस्टरचा सण हाये, एकट्या हायेत बिचाऱ्या, म्हंतलं..."

"सिस्टर कुठी हायेत?"

"ड्युटीवर."

"अन् सण अठी?"

"अठी."

माणिकबाईनं तोरण पाहिलं. गव्हाणीसमोर वाकून बैल पाहिले, योसेफाचा फेटा पाहिला. मग ती नाक वर करून वासाच्या मागं सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चुलीसमोर उभी राहिली.

"कढई."

"रेती हाये तिच्यात, बाई."

"रेती तळून राहिली का तू?"

कौशल्याकडं उत्तरं बरीच तयार होती: घमेल्याचं, तारखेचं, परक्या सणाचं. पण नणंदेच्या समोर ती सारी एकदमच पोरकट वाटली. इतके दिवस ती स्वतःच्या हुशारीवर खूश होती, आणि ती हुशारी आता चुलीवर रेती खाऊन बसली होती.

"सिस्टरसाठी नाही, बाई," ती म्हणाली. "त्यायले तं झोपाचं होतं. मीच केलं. माह्या हाताले राहवलं नाही. तुमच्या मायचं मले वाईट नाही वाटत असं नाही. वाटते. पण या दिवाळीले म्या दुसऱ्याची चकली खाल्ली, मले थेही वाईट वाटते. आता तुमाले काय बोलाचं थे बोला."

माणिकबाईनं पाट ओढला आणि बसली. पाणी मागितलं. ते पिऊन, तोंड पुसून म्हणाली:

"बरं झालं."

"काय?"

"म्हंतलं, बरं झालं."

मग तिनं सांगितलं. तिच्या लेकीचं, रागिणीचं लग्न जमलं होतं. पोराकडच्यांना घाई, माघातला मुहूर्त. आता मामाच्या घरी केळवण पाहिजे, केळवणाला पुऱ्या पाहिजेत, भजे पाहिजेत, मामाकडून रुखवताच्या करंज्या पाहिजेत. आणि मामाच्या घरी वर्ष! ज्या बाईनं रोज फोन करून ते वर्ष राखलं, तिनंच आता कोणत्या तोंडानं म्हणावं की वर्ष लवकर उरकून टाका? अकोल्यापासून एसटीत ती हाच विचार करत आली होती.

"आता मले काही म्हणाच नाही लागत," माणिकबाई म्हणाली. चेहरा असा मोकळा झाला होता की कौशल्याला तो ओळखूच येईना. "कौशल्यानं कढई चढवली, वर्ष मोडलं, म्हणून गुरुजीले बोलावून वर्षश्राद्ध उरकून घेतलं. सरळ हाये."

"म्हंजे नाव माह्यं?"

"कढई कोनं चढवली?"

"पण मोडलं तं पह्यल्यापासून धरा लागते म्हणे!"

"कोनं सांगतलं?"

"तुमीच."

"म्या सांगतलं तं म्याच रद्द केलं."

कौशल्या चुलीजवळ बसून राहिली. तीस वर्षं तिनं त्या बुढीचं केलं होतं. शेवटी शेवटी तर घास भरवला, कूस बदलली. गावात, नात्यात 'सून असावी तं कौशल्यासारखी' असं म्हणत. ते नाव आता जाणार होतं. लग्नात साऱ्या पाहुण्यांत बोभाटा: सासूचं वर्ष अर्धंही नाही धरवलं, केकासाठी मोडलं म्हणे. कायमचं नाव होतं ते. तीस वर्षांची कमाई. एका बाजूला ती, आणि दुसऱ्या बाजूला चकली.

निदान रात्रभर तरी विचार करावा, असं तिला वाटलं. चांगल्या बाईनं केला असता. पण झाकणावरचे निखारे विझायच्या आत तिचा निर्णय झाला होता, आणि इतक्या लवकर झाला याची तिला स्वतःलाच लाज वाटली.

"नाव माह्यावर जाऊ द्या," ती म्हणाली. "पण मंग तळण आजच."

"अवं, गुरुजी तं येऊ दे!"

"मोडलंच हाये न? मंग अर्धं काहून मोडाचं?"

माणिकबाईनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात दोघींच्या नाकाला एकदमच काहीतरी लागलं. बोलण्याच्या नादात चूल भडकत राहिली होती. कौशल्यानं झाकण काढलं. वरून केक सोन्यासारखा, आणि भांडं पालथं केलं तर खालून कोळसा. तिनं विळीवर त्याचा खालचा अर्धा भाग कापून टाकला. वरच्या भागाचे तुकडे केले. माणिकबाईनं एक खाल्ला. मग दुसरा.

"साल चांगली लागते," ती म्हणाली.

रेती अंगणात ओतली गेली. कढई घासली, चुलीवर चढली, आणि या वेळी तिच्यात तेल पडलं. तेल तापल्याचा वास आला तेव्हा भगवंतराव दारातून डोकावला, बहीण आणि बायको दोघींना एका पोळपाटावर करंज्या लाटताना पाहिलं आणि काहीही न विचारता परत गेला. माणिकबाई मोहन कमी म्हणाली, कौशल्या बरोबर म्हणाली, दोघींचं त्यावर चांगलं वाजलं. फडताळातले डबे खाली आले. एकेक भरत गेला. तळाशी चकल्या, मध्ये शंकरपाळे, वर करंज्या, आणि सगळ्यात वर संत्र्याच्या केकाचा एकेक तुकडा. अर्धा केक गेल्यामुळं तुकडे लहान झाले होते.

दिवेलागणीला साधना सिस्टर ड्युटीवरून आल्या. चांदणीत दिवा लागला होता. गव्हाणीसमोर त्या जरा वेळ उभ्या राहिल्या.

"बैल फार सुंदर," त्या म्हणाल्या.

"माणसं पाहू नका," कौशल्या म्हणाली.

सिस्टरनी बाळ बोटानं जरासं सरळ केलं, डोळे मिटून ओठात काही म्हटलं, आणि मग ओसरीवर बसून शंकरपाळ्यांची वाटी अशी संपवली की दिवसभर काही खाल्लं नसावं. "उद्या मात्र मी झोपणार आहे हं," त्यांनी खातखातच सांगितलं.

तिकडं अंगणात माणिकबाईचं काम सुरू झालं होतं. रिद्धपूरच्या मावशीला फोन लावला होता, आवाज साऱ्या गल्लीला जाईल असा.

"काय सांगू व मावशी! कौशल्यानं कढई चढवली. हव! मायच्या वर्षात! केकासाठी!... हव, केक. आता मोडलंच तं काय करता, उरकून घेतो म्हंतलं..."

शेजारच्या उत्तमरावच्या घरातला टीव्ही बारीक झाला. कौशल्या झारा हातात घेऊन चुलीपाशी ऐकत होती. आपली तीस वर्षं फोनवरून रिद्धपूरला चालली होती. उद्या तिथून वरूड, मोर्शी, सारा गोतावळा. तिनं थोडा वेळ दम धरला. मग राहवलं नाही. खिडकीतून ओरडली:

"बाई! संत्र्याचा म्हणा! साल दोन्दा उकळून पाकवली म्हणा!"

माणिकबाईनं फोनवर हात ठेवला. "बदनामी करून राहिली मी तुवी."

"करा न. पण नीट करा. बिनअंड्याचा म्हणा. वरून कसा सोन्यासारखा आला होता थे सांगा."

"अन् खालून जळला थेही सांगू?"

कौशल्यानं मागं वळून पाहिलं. सिस्टर खाण्यात गुंग होत्या. ती खिडकीबाहेर अर्धी वाकली आणि आवाज एकदम खाली आणला.

"थे नका सांगू, बाई. लोक नावं ठेवतीन."